नाताळचा पायमोजा : देणगी की मजुरी?

काही प्रश्न दिसावयास अगदी लहान असतात. परंतु ते सोडवावयास बसले म्हणजे थेट धर्माच्या मुळाशी जाऊन पोहोचतात. असाच एक प्रश्न गेल्या नाताळाच्या सुमारास आमच्या स्वतःच्या घरी उभा राहिला. ज्या घरी मुले आहेत त्या घरी तो आज ना उद्या उभा राहणारच, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

नाताळाच्या आदल्या रात्री मुलांनी आपले पायमोजे टांगावे व वडील माणसांनी ते लहानसहान वस्तूंनी गुपचूप भरावे, अशी चाल इंग्लंड-अमेरिकेकडील घरांत आहे. मिशनरी कुटुंबांच्या सहवासाने ती आपल्यापैकी काही घरांतही आली. तिकडच्यासारखी भिंतीतील शेगडी आमच्या घरी नाही. म्हणून आमची मुले शाळेचे धुतलेले मोजे खुंटीस अडकवितात. गेल्या वर्षी सणास चार दिवस उरले असता आमच्या धाकट्या मुलाने आजीच्या बटव्यातून २० रुपये काढले, आणि विचारले तेव्हा साफ नाकारले. खरे बाहेर आले त्या रात्री घरच्या मंडळींनी आम्हांस विचारले, "अहो, आता त्याचाही मोजा भरायचा का?"

आम्ही लागलीच "नाही" म्हणणार होतो. परंतु शब्द ओठांवर आला असता आम्ही थबकलो. देणगी म्हणजे काय, हे आधी ठरविल्यावाचून ह्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही असे आम्हांस दिसून आले.

ह्या चालीचा संबंध लोक निकोलस नावाच्या बिशपाशी जोडतात. ते चौथ्या शतकात लुक्या प्रांतातील मुर्या नगरात होते. पौलास रोमाकडे नेत असता जेथे गलबत बदलले तेच हे मुर्या. एक मनुष्य दरिद्री झाला, त्याच्या तीन मुलींच्या हुंड्यास पैसा नव्हता, आणि तो त्यांस लाजिरवाण्या जिण्यात लोटण्याच्या बेतात होता. तेव्हा निकोलसांनी रात्री खिडकीतून सोन्याची पिशवी आत टाकली. असे तीनदा केले. पिशवी वाळत घातलेल्या मोज्यात पडली, ही भर सांगणाऱ्यांनी मागाहून घातली. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. तथापि तिच्यातील एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. निकोलसांनी त्या घराची गरज पाहिली; बापाच्या वर्तणुकीचा दाखला मागितला नाही.

पुढे काय झाले पाहा. १८२१ साली न्यू यॉर्क येथे मुलांसाठी एक लहानसे सचित्र पुस्तक निघाले. त्यात सांताक्लॉज चांगल्या मुलांस खेळणी देतो; परंतु वाईट मुलांच्या घरी एक लांब काळी छडी ठेवून जातो, आणि ती वापरणे ही देवाचीच आज्ञा आहे असे बजावितो. दोनच वर्षांनी, १८२३ च्या डिसेंबरात, त्याच संस्थानातील ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात एक निनावी कविता छापली गेली. तीत तो म्हातारा धुराड्यातून उतरतो, घरातील सगळे मोजे भरतो व निघून जातो. छडीचे तेथे नावही नाही. एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे दोन वर्षांच्या आत लोकांपुढे आली. आमच्या घरी त्या रात्री हीच दोन उत्तरे एकमेकांसमोर उभी होती.

आता विचार करा. चांगल्या वागण्याबद्दल जी वस्तू मिळते ती मजुरी होय. मजुरी घेणाराने उपकार मानावयाचे नसतात, कारण ती त्याच्या हक्काची असते. पौलाने रोमकरांस हाच भेद समजावून दिला आहे. आपण मुलास सांगितले की, तू वर्षभर चांगला वागलास म्हणून हे मिळाले, तर आपण त्यास दिले असे होत नाही. फक्त हिशेब चुकता केला असे होते. मूलही हिशेबच करू लागते.

ह्यात आणखी एक अन्याय आहे. सधन घरचा उनाड मुलगा सकाळी मोबाइल व महागडी खेळणी दाखवीत फिरतो, आणि ऊसतोडीस गेलेल्या मजुराच्या आज्ञाधारक मुलीस चार शेंगदाण्याचे लाडूही मिळत नाहीत. देणगी जर चांगुलपणाचे माप असेल, तर त्या मुलीने आपल्याविषयी काय समजावे? आम्ही वाईट आहो, असेच ना? एवढे मोठे असत्य लहान मुलाच्या मनात शिरू देणे हे पाप आहे.

कोणी म्हणेल, मग चोरीकडे डोळेझाक करावी काय? मुळीच नाही. परंतु शिक्षेची जागा निराळी व देणगीची जागा निराळी. शिक्षा समोरासमोर, त्याच दिवशी, कारण सांगून करावी. ती नाताळाच्या सकाळपर्यंत राखून ठेवून सणाच्या अंगावर टाकू नये. आमच्या मुलास त्याच रात्री आजीपुढे उभे राहून कबूल करावे लागले, आणि २० रुपये फेडीपर्यंत रोज सकाळी तिच्यासाठी पाणी तापवावे लागले. नाताळाच्या रात्री त्याचा मोजा इतरांसारखाच भरला गेला. सकाळी तो बराच वेळ मोज्यास हात न लावता उभा राहिला. आम्ही उपदेश केला नाही. त्याची गरजही नव्हती.

परंतु खरी परीक्षा पुढेच होती. आमची थोरली मुलगी कोपऱ्यात जाऊन बसली व म्हणाली, "बाबा, मी तर खोटं बोलले नाही. मग मला चांगलं राहून काय मिळालं?" वाचकहो, उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील वडील भावाचाच हा प्रश्न, आणि तो खोटा नाही. आम्ही थोडे विचारात पडलो. मग म्हणालो, "बाळ, ह्या चार दिवसांत त्याला झोप लागली नाही. तुला लागली. आपला मोजा रिकामा राहील अशी भीती तुला कधी शिवलीसुद्धा नाही. हे थोडं आहे का?" तिचे समाधान पूर्ण झाले असे आम्ही म्हणत नाही. चांगुलपणाचे फळ चांगुलपणातच आहे, हे समजावयास आम्हांसही चाळिशी ओलांडावी लागली.

आता मोज्यात काय घालावे, हेही थोडक्यात सांगतो. थंड देशांत मोज्याच्या टोकाशी एक संत्रे घालण्याची जुनी रीत आहे. तिकडे भर हिवाळ्यात ते फळ दुर्मिळ व महाग असे, म्हणून मुलास त्याचे अप्रूप. आपल्याकडे त्या दिवसांत नागपुरी संत्र्यांच्या पाट्या बाजारात असतात. तेव्हा केवळ नक्कल करण्यात अर्थ नाही. ज्याचे त्याला अप्रूप असेल ते शोधावे. शोधावे म्हणजे दुकानात नव्हे, तर आपल्या स्मरणात. कोणाची पेन्सिल बोटाएवढी उरली आहे? कोणाच्या भोवऱ्याची जाळी तुटली आहे? आजीच्या चष्म्यास दोरी नाही, हे कोणी पाहिले काय? सर्वांस एका किमतीचे देणे म्हणजे समानता नव्हे. प्रत्येकाकडे सारखेच लक्ष देणे ही समानता होय. एक वस्तू खाण्याची, एक उपयोगाची, एक खेळण्याची व एक घरी हाताने केलेली, इतके पुष्कळ झाले. मोजा लहान आहे हा त्याचा गुणच आहे. त्यात प्रेम मावते, दिमाख मावत नाही. आणि सणासाठी सावकाराच्या किंवा किराणा दुकानाच्या वहीत नाव लिहवू नये. कर्जाने भरलेल्या मोज्याची किंमत मुलांसच पुढे वर्षभर भरावी लागते.

मुलांस खोटे सांगावे काय, असेही कित्येक विचारतात. गुपित ठेवणे व खोटे बोलणे ह्यांत अंतर आहे. उजव्या हाताचे दान डाव्यास कळू नये, हे आपल्या प्रभूचे शिक्षण आहे. म्हणून रात्री गुपचूप भरावे. परंतु मुलाने सरळ विचारले तर सरळ सांगावे की, घरच्याच माणसांनी भरले. ऐकून त्याचा आनंद कमी होत नाही. पुढच्या वर्षी तोच दुसऱ्याचा मोजा भरावयास उठतो.

गोठ्यात जन्मलेला प्रभू कोणाच्या वर्तणुकीची वही तपासून जगात आला नाही. तशी तपासली असती तर आपल्यापैकी कोणाचा मोजा भरला असता? ह्या वर्षी खुंटीशी उभे राहाल तेव्हा, प्रिय बंधुभगिनींनो, एवढा एकच विचार मनात ठेवा, आणि ज्या मुलावर रागावला आहात त्याचा मोजा आधी भरा.