श्री सिद्धरामांचे प्रस्थान



चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेल्या या मंदिरात श्री सिद्धरामेश्वरांच्या समाधीपुढे हात जोडून उभा राहणारा प्रत्येक जण काही ना काही मागणे घेऊन आलेला असतो. कोणास नोकरी हवी असते, कोणास संतती, कोणाचे खटले निकालात निघायचे असतात. परंतु कित्येकांच्या मनात मागणे नसून प्रश्न असतो, आणि तो ओठांवर येत नाही. ‘हे आता सोडून द्यावे काय?’ भागीदारीत विश्वास उरलेला नसतो, एका चुलीवर राहून भावाभावांची मने विटलेली असतात, ज्या संस्थेसाठी आयुष्य वेचले तेथे आपल्या असण्याचे प्रयोजन संपलेले असते. तरीही पाऊल उचलत नाही. टिकून राहणे म्हणजे निष्ठा आणि निघून जाणे म्हणजे पळ काढणे, अशी आपली समजूत झालेली आहे. अशा भाविकांनी ज्या महापुरुषापुढे आपण उभे आहोत त्यांचे चरित्र एकदा या दृष्टीने आठवून पाहावे.

१२व्या शतकातील सोन्नलगी म्हणजे आजचे सोलापूर. मुद्दगौडा व सुग्गलादेवी यांच्या पोटी जन्मलेले हे बालक रानात गुरे राखीत असता श्रीशैलाचे मल्लय्या जंगमरूपाने त्यांच्यापुढे आले व त्यांनी दहीभात मागितला. बालक धावत घरी गेले, दहीभात घेऊन परतले, तो जंगम दिसेना. मल्लय्यांना शोधीत ते बालक यात्रेकरूंच्या मेळ्याबरोबर थेट श्रीशैलास गेले. लोकांनी दाखविलेल्या लिंगाने त्याचे समाधान झाले नाही. हाका मारीत रानोमाळ हिंडत ते कड्याच्या टोकाशी पोहोचले, तेव्हा मल्लय्यांनी प्रकट होऊन त्यास सावरले. ही कथा कन्नड कवी राघवांकांनी आपल्या चरित्रकाव्यात गायिली आहे व सोलापुरात ती घरोघरी सांगितली जाते.

कथेचा पुढील भाग मात्र आपण घाईने ओलांडतो. ज्यासाठी घर सोडले ते श्रीशैल मिळाले, देव मिळाला. आता तेथेच राहावे, याहून अधिक काय हवे? परंतु आज्ञा झाली ती परत जाण्याची. सोन्नलगीस जाऊन तेथेच दुसरे श्रीशैल उभे कर. दुःखाची जागा सोडणे त्यामानाने सोपे असते. सुखाची जागा, तीही देवाच्या सान्निध्यातील, कार्यासाठी सोडणे फार अवघड. सिद्धराम निघाले. गावी येऊन त्यांनी तलाव खोदविला, मंदिर उभारले, सोलापूरच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. आजही संक्रांतीच्या यात्रेत त्या अडुसष्ट लिंगांस तैलाभिषेक होतो. तलाव भरला, कीर्ती पसरली, आणि सिद्धराम हे नाव घेताच लोकांचे हात जुळू लागले.

अशा भरभराटीच्या काळात अल्लमप्रभू सोन्नलगीस आले. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात हा प्रसंग विस्ताराने वर्णिलेला आहे. खोदकाम करणाऱ्या लोकांपुढे प्रभूंनी सिद्धरामांचा उल्लेख दगडमाती उपसणाऱ्यांचा नायक अशा हेटाळणीच्या सुरात केला. चिडलेल्या लोकांनी दगड मारले, ते प्रभूंना लागले नाहीत. सिद्धराम क्रोधाने धावून आले, आणि त्यांच्या क्रोधाग्नीचाही काही परिणाम झाला नाही. मग वाद थांबला व संवाद सुरू झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रभूंनी तलाव वाईट ठरविला नाही. तहानलेल्यास पाणी देणे हे पुण्यकर्मच आहे, आणि या क्षेत्री अन्नदानास व जीर्णोद्धारास हातभार लावणाऱ्या दात्यांनी या प्रसंगाचा भलताच अर्थ घेऊ नये. प्रभूंचे बोट होते ते तलाव खोदता खोदता नकळत साचलेल्या ‘मी’पणावर. एका शब्दाने राग उसळला, यातच खूण पटली. बाहेर काहीही बिघडलेले नव्हते. लोक तेच, मान तोच, काम तेच. परंतु ज्या जागेने साधकास घडविले तीच जागा आता त्यास अडवून धरू लागली होती. आपल्यापैकी बहुतेकांना परिस्थिती असह्य झाल्याखेरीज सोडण्याचा विचार सुचत नाही. सिद्धरामांनी सोन्नलगी सोडली ती सर्व सुरळीत चाललेले असताना. ते प्रभूंबरोबर कल्याणास, म्हणजे आजच्या बसवकल्याणास गेले. जेथे ते गुरू होते तेथून निघून जेथे शिष्य व्हावे लागेल तेथे गेले, आणि चन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंगदीक्षा घेतली. पुढे अनुभवमंटपाच्या शून्यसिंहासनाचा अधिकारही त्यांच्याकडे आला, असे परंपरा मानते.

तरीही त्यांनी सोन्नलगीशी नाते तोडले नाही. सिद्धरामांच्या वचनांच्या अखेरीस येणारी मुद्रा ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ अशी आहे. हे त्यांनी सोन्नलगीत स्थापिलेल्या देवाचे नाव. कल्याणातील दीक्षेनंतरच्या वचनांतही तीच मुद्रा आढळते. गाव सोडले, गावाचा देव प्रत्येक वचनात बरोबर राहिला. घर किंवा संस्था सोडताना जे मागील सर्व दिवसांना नावे ठेवीत बाहेर पडतात, त्यांना या एका मुद्रेवर चिंतन करण्याजोगे बरेच आहे. भावकीतून वेगळे होणाऱ्याने वडिलांचे नाव टाकायचे नसते.

प्रत्येक निघणे असे शांतपणे, घडी घालून होईलच असे नाही. महात्मा बसवेश्वर आरंभी आपल्या याच जिल्ह्यातील मंगळवेढ्यास बिज्जळाच्या सेवेत होते, नंतर कल्याणास गेले. हरळय्या व मधुवरस यांनी जातिभेद मोडून आपल्या मुलांचा विवाह केला, म्हणून त्या दोघांना देहान्त शासन झाले, तेव्हा बसवेश्वर कल्याण सोडून कूडलसंगमास गेले. इ.स. ११६७ च्या सुमारास बिज्जळाचा वध झाला व शरण दशदिशांना पांगले. जेथे निरपराधांचे रक्त सांडते तेथे थांबून राहण्यास कोणी निष्ठा म्हणत नाही. हे आजही तितकेच लागू आहे. सासरी मारहाण सोसणारी लेक माहेरच्या दारी आली तर ‘नांदायला जा, सारे ठीक होईल’ असे सांगून तिला परत धाडणाऱ्या आईवडिलांनी सहनशीलतेला तपश्चर्येचे नाव देऊ नये. तपश्चर्या स्वेच्छेने होते. त्या लेकीस आधी घरात घ्यावे, पाणी द्यावे, विचारपूस नंतर.

सोलापूर हे नगरही निघून आलेल्यांचेच आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकर बांधवांनी येथे माग उभारले, आणि सोलापुरी चादरीचे नाव देशभर झाले. त्यांच्या वाडवडिलांनी गाव सोडले तेव्हा त्यांनाही कोणी नावे ठेवली असतीलच.

याउलट, सतत सोडत राहणे हीही साधना नव्हे. येथून अक्कलकोटास जाणाऱ्या भाविकांनी हे जरूर आठवावे. श्री स्वामी समर्थ अनेक वर्षे भ्रमण करीत होते, मंगळवेढ्यासही त्यांचा वास होता. परंतु १८५७ च्या सुमारास अक्कलकोटास आले ते १८७८ मध्ये समाधिस्थ होईपर्यंत तेथेच राहिले. दर दोन वर्षांनी नवे गुरू व नवा व्यवसाय धरणाऱ्याने सिद्धरामांचा दाखला देऊ नये. सिद्धराम तलाव अर्धा टाकून गेले नव्हते.

कल्याणाची वाताहत झाल्यावर श्री सिद्धराम पुन्हा सोन्नलगीस परतले, आणि ज्या तलावापासून दूर जाणे आवश्यक ठरले होते त्याच तलावाच्या सान्निध्यात त्यांनी समाधी घेतली. यात्राकाळात येथे येण्याचा योग असेल तर भाविकांनी अक्षता सोहळ्याबरोबर अखेरच्या दिवसाचा कप्पडकळीचा विधीही अवश्य पाहावा. शोभायात्रेत ज्यांच्यापुढे सारे सोलापूर नतमस्तक होते, त्या सातही नंदीध्वजांची वस्त्रे या विधीत उतरविली जातात.