दबलेला विषाणू

रिपोर्टवर हिपॅटायटिस बीचा व्हायरल लोड अगदी कमी आला की रुग्णाच्या घरी सगळ्यांना हायसं वाटतं. विषाणू शांत आहे, यकृताला धोका नाही, असाच अर्थ लावला जातो. शरीरात एकटा बी असेल तर तो बहुधा बरोबरही ठरतो. पण त्याच यकृतात आणखी एखाद्या विषाणूने बस्तान बसवलं असेल, तर बी शांत नसतो, दबलेला असतो. या दोन अवस्थांतला फरक त्या एका आकड्यावरून कळत नाही.

हे ठळकपणे ध्यानात आलं ते हिपॅटायटिस सी बरा होऊ लागल्यावर. सोफोसबुविरसारख्या नव्या गोळ्यांनी सी साधारण 12 आठवड्यांत शरीरातून जातो. वैद्यकातलं हे फार मोठं यश आहे, त्यात शंका नाही. पण बी आणि सी दोन्ही असलेल्या काही रुग्णांत सी हटताच बी उसळला. ऑक्टोबर 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांवर चौकटीतला इशारा छापणं बंधनकारक केलं. तेव्हा त्यांच्यापुढे अशा 24 रुग्णांच्या नोंदी होत्या. त्यांतले दोघे दगावले होते, एकाला यकृताचं प्रत्यारोपण करावं लागलं होतं.

सी थेट बीच्या वाढीत अडथळा आणतो, असं आधी वाटत असे. प्रयोगशाळेत मात्र दोघेही एकाच पेशीत बिनदिक्कत वाढताना दिसले. मग बीला दाबत कोण होतं? बहुधा आपलीच प्रतिकारशक्ती. सीमुळे यकृतात इंटरफेरॉनचा पहारा सतत जागा राहतो आणि बीही त्यात अडकतो. गोळ्यांनी सी गेला की पहारा उठतो. बीचा डीएनए तर पेशीच्या केंद्रकात ठाण मांडून असतोच. पूर्वी सीसाठी इंटरफेरॉनचीच इंजेक्शनं देत. ती दोघांवरही चालत, म्हणून हा धोका तेव्हा इतका उघडा पडला नाही.

डेल्टा, म्हणजे हिपॅटायटिस डी, मला याहून अस्वस्थ करतो. इटलीत तुरिनमध्ये मारिओ रिझेत्तो यांना बीच्या रुग्णांच्या यकृतपेशींत एक अनोळखी प्रथिन आढळलं. त्यांचा शोध 1977 साली प्रसिद्ध झाला. आधी ते बीचंच वाटलं, पण निघाला निराळाच विषाणू. त्याचा आरएनए जेमतेम 1,700 अक्षरांचा. माणसाला ग्रासणारा इतका लहान विषाणू दुसरा नाही. प्रथिन एकच, तेही दोन रूपांत. स्वतःच्या प्रती काढायला तो आपल्या पेशीचीच यंत्रणा वापरतो आणि अंगावरचं आवरण बीकडून घेतो. बीच्या साध्या चाचणीत सापडतं, तेच हे पृष्ठभागावरचं प्रथिन. बी नसेल तर डेल्टा पसरूच शकत नाही, आणि तरीही तो बीची वाढ दाबतो. रिपोर्टवर बीचा डीएनए कमी दिसत राहतो, आणि यकृत मात्र एकट्या बीपेक्षा कितीतरी वेगाने सिरॉसिसकडे जात असतं. बीच्या नेहमीच्या गोळ्यांनीही डेल्टा हटत नाही, कारण त्या घेत असतानाही आवरणाचं प्रथिन तयार होतच राहतं.

दोन्ही विषाणू एकदमच शिरले तर प्रौढांचं शरीर बहुतेकदा दोघांनाही घालवून देतं. जुन्या बीवर डेल्टा येऊन बसला, तर तो बहुतेकांत कायमचा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जुनाट बी असलेल्यांपैकी सुमारे 5 टक्के लोकांत तो आहे. आपल्याकडे मात्र ही तपासणी क्वचितच सांगितली जाते, आणि हे मला पटत नाही.

बीची लस डेल्टालाही अडवते. भारतात ती 2011 पासून देशभरच्या नियमित लसीकरणात आली, त्यामुळे आजच्या बहुतेक प्रौढांना बालपणी ती मिळालेली नाही. त्यांनी ती अजूनही घ्यावी. ज्यांना बी आधीच झाला आहे त्यांना तिचा उपयोग नाही. त्यांनी डेल्टाची अँटिबॉडी एकदा तपासून घ्यावी, आणि बीचा लोड कमी असूनही एसजीपीटी, म्हणजे यकृताची इजा दाखवणारं रक्तातलं एंझाइम, चढलेलंच राहत असेल तर विनाविलंब.