पान उलटण्याचा धर्म

गुजरातमधल्या कामरेजच्या शिवारात हिवाळ्यात ऊसतोड चालते, तशी बांध साफ करताना रुईही कोयत्याखाली येते. तिचे जाड पान उलटले, तर मोहरीहून लहान, उभ्या रेघांचे, रुपेरी पांढरे अंडे दिसू शकते. ते प्लेन टायगर फुलपाखराचे, सहसा पानाला एकच. जे दिसलेच नाही, ते चिरडल्याचा दोष लागतो का? जैन विचार फुलपाखराला चतुरिंद्रिय जीव मानतो आणि साधूला ईर्यासमिती सांगतो, म्हणजे पुढची जमीन निरखूनच पाऊल टाकणे. तिथे ‘दिसले नाही’ ही पळवाट उरत नाही. पाहणे हेच अहिंसेचे पहिले कर्म ठरते.

कोणी म्हणेल, पोट तोडीवर चालणाऱ्या मजुराने पान-पान तपासत बसायचे का? नाही. गृहस्थाच्या कामात ओघाने होणारी आरंभी हिंसा आणि ठरवून केलेली संकल्पी हिंसा, हा भेद त्याच परंपरेने केला आहे. पण एखादी हिंसा अटळ आहे हे पाहिल्याशिवाय ठरवायचे कसे? इंग्लंडमध्ये ब्राउन हेअरस्ट्रीक या फुलपाखराची अंडी कुंपणातल्या ब्लॅकथॉर्न झुडपाच्या काटेरी फांद्यांवर हिवाळा काढतात. हौशी अभ्यासक ती शोधून मोजतात, म्हणूनच सगळे कुंपण दरवर्षी छाटू नये हे कळले. इथेही बांधाची एक बाजू आळीपाळीने राखता येईल, आणि तो निर्णय कोयतेवाल्याचा नव्हे, शेतमालकाचा आहे. करुणा मनात असून भागत नाही. तिला पान उलटावे लागते.