रबर आपलं असतं

गलोलीचं लाकूड दोन-दोन पिढ्या टिकतं. रबराला मात्र दोन उन्हाळे पुरे होतात. या साध्या गोष्टीत एक अवघड प्रश्न आहे, असं मला अलीकडं वाटायला लागलंय.

बदलापूरच्या आसपासच्या गावांत जुनी घरं पाडून इमारती उभ्या राहतायत. घर रिकामं करताना माळ्यावरून पाटा-वरवंटा, मापटं, गंजलेला विळा असं काय काय निघतं. त्यातच एखादी गलोल सापडते. कुणी तिला बेचकी म्हणतं. रबर वाळून गळून गेलेलं, लाकूड मात्र हाताच्या घामानं गुळगुळीत झालेलं. घरातलं पोर ती उचलतं आणि म्हणतं, "आजोबा, हिला रबर लावून द्या ना." माझ्या घरीही हे झालं. प्रश्न असा, की लावून द्यावं का? आणि दिलं, तर पुढं सुटणाऱ्या खड्याचा धनी कोण?

आधी काम सांगतो, कारण प्रश्न त्या कामातूनच निघतो. पहिलं लाकूड तपासायचं. पेरूचं नाहीतर चिंचेचं बेचकं असलं तरी दोन फाटे मिळतात त्या ठिकाणी चीर गेलेली असू शकते. किडीनं भोक पाडलेलं असलं तर ती गलोल खिळ्यालाच टांगलेली बरी, कारण ताणल्यावर मोडली तर सरळ तोंडावर येते. लाकूड धड असेल तर तेलाचा हात फिरवायचा. मग सायकलच्या ट्यूबच्या बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या कापायच्या. पूर्वीच्या लाल ट्यूबला ओढ चांगली असायची. आताची काळी ट्यूब हवा छान धरते, पण उसळी कमी. दोन्ही पट्ट्या लांबीला आणि रुंदीला अगदी सारख्या पाहिजेत, नाहीतर खडा बाजूला जातो. फाट्याच्या खाचेवर पट्टी दुमडून ट्यूबच्याच बारीक पट्टीनं ताणून बांधायची. सुतळीनं रबर कापतं. मध्ये चांभाराकडचा मऊ चामड्याचा तुकडा. शेवटी तोंड बाजूला करून हळूहळू ताणून बघायचं, भेग दिसते का ते.

एवढं झालं की मेलेलं लाकूड जिवंत होतं. सकाळपर्यंत जी खेळण्यासारखी वस्तू होती, ती आता होल्याचा जीव घेऊ शकते आणि पोराचा डोळाही फोडू शकते. हा फरक माझ्या हातानं केला. म्हणून मला प्रश्नातून अंग काढून घेता येत नाही.

लोक म्हणतात, हत्याराला पाप नसतं, हाताला असतं. लोहार कोयत्याला धार लावून देतो, तो कुठं विचारतो काय कापणार म्हणून? खरं आहे. पण कोयत्याला शंभर कामं असतात. तो गवत कापतो, नारळ सोलतो, कुंपण साफ करतो. गलोलीला एकच काम, नेम धरून मारणं. जितकी कामं कमी, तितकं देणाऱ्यानं जास्त विचारावं, असा माझा हिशेब आहे.

दुसरं म्हणणं, ही आपली परंपरा आहे, आजोबांची वस्तू आहे. इथं थोडं थांबायला हवं. शेतकऱ्याची खरी जुनी वस्तू गोफण. ती आवाज करते, थवा उठवते, पीक वाचवते. माचावरून गोफण फिरवणाऱ्याला पाखरू उडून गेलं की काम झालं. गलोलीवाल्याला पाखरू पडावं लागतं. आणि रबराची गलोल तशी फार जुनी नाही. झाडाचा चीक उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक व्हायचा. गंधक घालून तो पक्का करायच्या रीतीचं पेटंट चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसानं १८४४ साली घेतलं. त्यानंतरच असं ताणणारं रबर जगभर पसरलं. म्हणजे आमच्या परंपरेचा जोर परदेशी चिकातून आलेला आहे.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. आजोबांकडून लाकूड येतं, जोर येत नाही. जोर रबरात असतो आणि रबर दरवेळी नवं लागतं. ते आपण आज आणतो, आज कापतो, आज बांधतो. त्यामुळं "आजोबा मारायचे" हे उत्तर चालत नाही. आजोबांची गलोल आजोबांच्या रबराबरोबरच थांबली. पुढची आपली.

आता कातकरी वाडीचं काय? आमच्या भागात गलोलीचा नेम कातकऱ्यांइतका कुणाचाच नाही. खैरापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. जंगल तुटलं, कामासाठी वीटभट्टीवर जाणं आलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला एकदा विचारलं होतं, "दादा, तुमच्या पोरानं पाखरू मारलं तर खेळ, आमच्या पोरानं मारलं तर शिकार. असं कसं?" १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानपाखरांची शिकार बंद आहे, आणि मारायचा प्रयत्न करणं हीसुद्धा त्यात शिकारच. कायदा दोघांना एकच. मनाचा न्याय मात्र वेगळा लागतो. भुकेपोटी मारणाऱ्याला मी दोष देऊ शकत नाही, आणि भरल्या पोटी मारणाऱ्याला सोडू शकत नाही. आपण बरोबर उलटं करतो.

वाल्मीकींचं रामायण एका पारध्यानं क्रौंच पक्ष्याच्या जोडीतला एक मारला त्या दुःखातून सुरू होतं, हे आपण पोरांना सांगतो. आणि "एका दगडात दोन पक्षी" ही म्हणही त्याच तोंडानं कौतुकानं वापरतो.

मग रबर लावूच नये का? तसं मी म्हणत नाही. नेम धरणं ही चांगली विद्या आहे. श्वास रोखणं, डोळा स्थिर ठेवणं, घाई न करणं, हे सगळं तिच्यात आहे. बांधावर रिकामे डबे मांडून ती शिकता येते. पावसाच्या तोंडाला मातीत बी घालून केलेले गोळे उघड्या डोंगरउतारावर गलोलीनं टाकता येतात. कोंडेश्वरच्या बाजूच्या डोंगरांना त्याची गरजही आहे.

माझा नियम एवढाच, की रबर बांधणाऱ्यानं मागणाऱ्याला विचारावं, "नेम कशावर?" उत्तर पटलं नाही तर लाकूड तसंच परत द्यावं. पटलं तर दोन्ही पट्ट्या नीट सारख्या कापून द्याव्यात, आणि पहिले काही दिवस डबे मांडायला स्वतः जावं. रबर सैल पडलं की पोर पुन्हा आपल्याकडंच येतं. तेव्हा तोच प्रश्न पुन्हा विचारायचा.