कुणाचा शब्द प्रमाण?

मी जन्मभर होऊ घातलेल्या डॉक्टरांना संख्याशास्त्र शिकवलं. त्यामुळे घरात कुणाला काही झालं की शोधनिबंध माझ्याकडे येतात. भाचीला क्रॉनिक फटिग सिंड्रोमचं निदान झालं, तेव्हा मेहुण्यांनी धाडला तो २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला ब्रिटनमधला ‘पेस’ प्रयोग. ६४१ रुग्ण, चार गट. हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम किंवा विचारसरणी बदलणारा मानसोपचार, दोहोंनी गुण येतो असा निष्कर्ष. मेहुण्यांचा त्याहून सोपा: ‘तिला सांगा, सूर्यनमस्कार घाल.’

मी तक्ते उघडले. शारीरिक क्षमतेला शंभरपैकी गुण. ६५ किंवा कमी असतील तरच प्रयोगात प्रवेश, कारण मगच माणूस पुरेसा आजारी. आणि वर्षाअखेर ६० मिळाले तरी तो ‘सामान्य मर्यादेत’! म्हणजे ६५ वरून ६० वर घसरलेलाही या निकषापुरता पास. असा निकाल आमच्या विद्यापीठानंही लावला नसता, आणि तिथं काय काय झालंय ते मी पाहिलंय.

मूळ आराखड्यात बरं होण्याची पट्टी ८५ ची होती. २०१३ च्या निबंधात व्यायाम आणि मानसोपचार या दोन्ही गटांत २२ टक्के बरे झालेले दाखवले, ते ती खाली आणून. एका रुग्णानं माहितीच्या अधिकारात कच्ची आकडेवारी मागितली. प्रयोग चालवणारं विद्यापीठ नाही म्हणालं, २०१६ साली न्यायाधिकरणात हरलं. जुनी पट्टी लावली तर मानसोपचाराचे ७ टक्के, व्यायामाचे ४, नुसत्या वैद्यकीय देखभालीचे ३.

मला छळतो तो प्रश्न मात्र आकड्यांचा नाही. मुख्य निकष म्हणजे रुग्णांनीच भरलेल्या प्रश्नावल्या. ‘थकवा कमी आहे’ ही खूण पुरावा धरली. पण रुग्ण म्हणाला, ‘हालचाल वाढवली की मी खचतो’, की ती आजाराविषयीची चुकीची धारणा, उपचारानं घालवायची. एकाच तोंडचा शब्द कधी प्रमाण, कधी लक्षण!

वात्स्यायन (न्यायभाष्याचा, कामसूत्राचा नव्हे) म्हणतो, आप्त, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण धरावा तो, ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. मग तो ऋषी असो वा म्लेच्छ. पदवीची अट नाही. न्हाऊन केस पुसताना हात गळून येतात, लग्नाला जाऊन आलं की दुसऱ्या दिवशी अंथरूण सुटत नाही, याबाबत भाचीहून मोठा आप्त कोण? कारणाविषयी बोलू लागली की मात्र तीही माझ्यासारखी अनुमानच करते. २००९ साली ‘सायन्स’मध्ये हा आजार एक्सएमआरव्ही विषाणूशी जोडणारा निबंध आला, कित्येक रुग्णांनी तो उराशी धरला, २०११ मध्ये तो मागे घेतला गेला. आणि १९५५ ची लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातली अशाच आजाराची साथ म्हणजे हिस्टेरिया, असं १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर वाचून ठरवलं. रुग्ण न तपासता! त्यांच्या हाती तर प्रत्यक्षही नव्हतं आणि शब्दही नव्हता.

उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०२१ मध्ये वाढत्या व्यायामाची शिफारस काढून टाकली. ते ठरवणाऱ्या समितीत डॉक्टरांच्या बरोबरीनं रुग्णही सदस्य होते. काही सदस्यांनी आधीच राजीनामे दिले, नव्या मार्गदर्शिकेचं प्रकाशन ऐन वेळी थांबलं, आणि ऑक्टोबरात ती निघाली.