हाक एक की अनेक?

वाऱ्याच्या दिशेला उभ्या असलेल्या माणसाला लांबची हाक ऐकू येते, वाऱ्याविरुद्ध असलेल्याला येत नाही. कोणत्याही गुराख्याला ठाऊक असलेली ही गोष्ट शबरस्वामींनी जैमिनीच्या मीमांसासूत्रांवरच्या भाष्यात पुराव्यादाखल आणली. वाद होता शब्द नित्य की अनित्य, आणि पणाला लागले होते वेदांचे प्रामाण्य. मीमांसकांच्या मते शब्द कोणी घडवत नाही, तो असतोच. उच्चाराने हवा हलते, तिचे संयोग-विभाग कानापर्यंत पोचतात आणि असलेला शब्द प्रकट होतो; म्हणूनच वेद अपौरुषेय. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे साफ नामंजूर. त्यांचा शब्द आकाशाचा गुण: तो उपजतो, पुढच्या शब्दाला जन्म देतो आणि मरतो. ही मालिका पाण्यावरच्या तरंगांसारखी कानाशी येते.

‘ध्वनिलहरी आपल्याला तेव्हाच ठाऊक होत्या’ असे म्हणणाऱ्यांना हा वीचीतरंगन्याय फार लाडका. पण गंमत अशी, की तरंगांचा दृष्टान्त देणाऱ्यांनी माध्यम मानले आकाश. हवेचे नाव घेतले ते शब्द नित्य मानणाऱ्यांनी!

वाऱ्याच्या या परिणामाचे खरे कारण मात्र शबरस्वामींच्या हाती लागले नव्हते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. पाच-सात मीटरच्या वाऱ्याने त्याला कितीसा रेटा मिळणार? जमिनीलगत वारा मंद असतो, वर जोरात. त्यामुळे वाऱ्याबरोबर निघालेल्या लहरीचा वरचा भाग पुढे सरतो आणि लहर जमिनीकडे वाकते. उलट दिशेला गेलेली वर वळते, ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून निघून जाते. हे अपवर्तन जॉर्ज स्टोक्स यांनी १८५७ मध्ये उलगडून दाखवले.

देवळात खांबाआड बसलेल्याला कीर्तनकार दिसत नाही, ऐकू मात्र येतो. मृदंगाच्या खर्जाच्या लहरी मीटर-दोन मीटर किंवा त्याहून लांब, त्या खांबाला सहज वळसा घालतात. टाळांच्या किणकिणाटाच्या लहरी काही सेंटिमीटरच्या. त्या खांबामागे बोथट होतात. विवर्तनाच्या या पंक्तिप्रपंचामुळे समोरच्याला आणि खांबाआडच्याला मिळणारा ध्वनी एकसारखा नसतो. तरी दोघेही घरी जाऊन सांगतात, आम्ही तोच अभंग ऐकला.

मीमांसकाचा मुद्दा नेमका इथे आहे. विजापूरच्या गोलघुमटात, आतल्या सज्जात मारलेली हाक वक्र भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा परत येते. मायक्रोफोन लावला तर प्रत्येक परावर्तनाची वेळ वेगळी, जोर वेगळा, आकारही थोडा बिघडलेला. नैयायिक खूश होईल: बघा, प्रत्येक वेळी नवा शब्द उपजला. मीमांसक म्हणेल, ध्वनी अनेक असतात हे आम्ही कधी नाकारले? पण हाकेतले ‘ग’ हे अक्षर प्रत्येक वेळी ‘हा तोच ग’ असे ओळखता ते कशाच्या बळावर? नैयायिकाचे उत्तर तयार असते: सारखेपणाच्या. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असून तीच वाटते, तसे. मीमांसकाला हा दृष्टान्त चालत नाही. ज्योत बदलते हे तेल घटते त्यावरून कळते. ‘हा तो ग नव्हेच’ असा उलटा प्रत्यय मात्र कोणाला येत नाही.