मरणाची खानेसुमारी

१८९१ साली वऱ्हाडात सुमारे २८ लाख ९७ हजार माणसं होती. दहा वर्षांनी ती २७ लाख ५४ हजार भरली. मधे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ होऊन गेले होते. लोकसंख्या वाढायची ती घटली, एवढं कुठल्याही गॅझेटिअरमध्ये सापडेल. वऱ्हाडाबाबत त्यापलीकडचंही कळतं, म्हणजे कोणत्या महिन्यात किती माणसं गेली तेसुद्धा. इंग्रजी अमलातल्या ज्या थोड्या मुलखांची जन्ममृत्यूची नोंद अभ्यासक भरवशाची धरतात, त्यांत वऱ्हाड येतो. त्यामुळेच लंडनचे लोकसंख्याशास्त्रज्ञ टिम डायसन यांना वऱ्हाडाचा १८८१ ते १९८० असा शंभर वर्षांचा लोकसंख्या-इतिहास लिहिता आला. दुष्काळात मरणाचा कळस पुष्कळदा ऐन उपासमारीत होत नाही. पाऊस परततो, डास होतात आणि खंगलेल्या शरीरांना हिवताप गाठतो, तेव्हा तो होतो. दुष्काळांच्या अभ्यासात हे ठसलं, त्यात अमरावती-अकोल्याकडच्या गावदप्तरांचा वाटा आहे.

पण हे कळायला ऐंशी-नव्वद वर्षं लागली. नोंद गावातून निघायची आणि वर जायची. खाली काही परत येत नसे. आकडे आरोग्य खात्याच्या वार्षिक अहवालात बसले की काम संपलं. मरणाचं कारण तर बहुतेकदा एकच, ‘ताप’. त्यात हिवताप, न्यूमोनिया, विषमज्वर सगळं खपून जायचं. लिहिणाऱ्याचा आळस म्हणावा तर तसंही नाही. त्याला विचारलंच तेवढं होतं.

मोजणाऱ्यानेच उपचारही करावेत, ही कल्पना आपल्याकडे फार उशिरा आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावातल्याच बाया वहीत जन्म-मृत्यू टिपू लागल्या आणि पुढे त्याच आरोग्यदूत होऊन नवजात बाळाला तपासू लागल्या, गरज पडली तर इंजेक्शनही देऊ लागल्या. ज्या ३९ गावांत हे झालं तिथलं नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५ च्या आसपास आलं. यावरचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यातल्या इंजेक्शनची चर्चा खूप झाली, वहीची कमी. मला वही अधिक महत्त्वाची वाटते. मूल गेल्याची बातमी जिच्यापासून लपवता येत नाही अशा बाईच्या हाती ती होती.

त्याच सुमाराला आफ्रिकेतही हेच चाललं होतं. घानाच्या उत्तरेला नवरोंगो इथे डॉ. फ्रेड बिंका घरोघरची नोंद ठेवून कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीने किती मुलं वाचतात ते तपासत होते. अशा केंद्रांचं ‘इनडेप्थ’ नावाचं जाळं १९९८ मध्ये उभं राहिलं, त्याचे पहिले प्रमुखही तेच. पुण्याजवळचं वढू नंतर त्यात सामील झालं. जिथे सरकारी नोंद लंगडी आहे, तिथे एक मुलूख निवडून तिथला प्रत्येक जन्म, मृत्यू आणि स्थलांतर वर्षानुवर्षं टिपत राहायचं, हा त्याचा गाभा. मरण घरी झालं असेल तर घरच्यांशी बसून शेवटचे दिवस विचारायचे आणि त्यावरून कारण ठरवायचं. वऱ्हाडी दप्तरातला तो ‘ताप’ अखेर असा उलगडतो.

वऱ्हाडात मरणाच्या कारणाचा वाद पेटला तो मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात. १९९३ मध्ये मेळघाटातले बालमृत्यू गाजले आणि शीला बारसे यांच्या याचिकेने प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तेव्हापासूनचं भांडण ओळखीचं आहे: मूल कुपोषणाने गेलं की न्यूमोनियाने? जणू दोन्ही एकाच अंगात राहू शकत नाहीत! मग राज्यातल्या १३ संस्थांनी मिळून स्वतःच मोजलं. २००१ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने सांगितलं, की बालमृत्यूंचा मोठा भाग सरकारी दप्तरात पोचतच नाही. शासनाला बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

मेळघाटातच बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांचं काम आधीपासून चालू होतंच. उतावलीच्या ‘महान’ संस्थेत डॉ. आशीष सातव यांनी प्रश्न आणखी एका अंगाने पुढे नेला. मुलांच्या मरणाकडे सगळ्यांचं लक्ष असताना त्यांनी सोळा ते साठ वयाच्या माणसांची मरणं मोजायला घेतली. मेळघाटात कमावत्या वयातच माणसं फार मरतात, हे त्यांनी मांडलं. ज्या घरातला बाप क्षयाने जातो, त्या घरातलं मूल पुढच्या पावसाळ्यात कशाच्या जोरावर तगणार?

नोंदीतलं एक भोक मात्र तसंच आहे. दिवाळीनंतर मेळघाटातली कोरकू आदिवासी कुटुंबं मुलांसकट कामाला बाहेर पडतात, परतवाडा, अकोट, अमरावती, कुणी मध्य प्रदेशात, आणि होळीला परततात. १९६९ चा कायदा सांगतो की मृत्यू जिथे घडला तिथेच नोंदवायचा. चिखलदऱ्याचं मूल अकोल्याकडच्या वीटभट्टीवर गेलं, तर नोंद अकोला जिल्ह्यात व्हायला हवी. भट्टीवरून ती करायला जाणार कोण, हा भाग वेगळा. नोंद झाली काय आणि न झाली काय, मेळघाटातल्या त्या वर्षीच्या मृत्यूंत ते धरलं जात नाही.